बाहीवरची चार बोटं

धुणं धुणाऱ्याच्या घराला दोनच गोष्टी लागतात, पाणी आणि धड हात. त्या साली मावशीच्या घरातलं आधी पाणी गेलं.

उन्हाळा लागायच्या आतच नदी खडखडीत झाली. पात्रात नुसते पांढरे गोटे. धुण्याजोगं पाणी उरलं ते वळणावरच्या डोहात, तेही कमरेइतकं. डोहाच्या काठाला मावशीचे तीन दगड होते. सासऱ्याच्या वेळेपासूनचे, आपटून आपटून मधोमध खोलगट झालेले. त्यातल्या मोठ्यावर दुसऱ्या कुणी पाय ठेवायची टाप नव्हती.

गल्ली तिला तोंडावर मावशी म्हणायची आणि पाठ फिरली की फौजदारीण. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडायचंही. पोलीस चौकीचे कपडे चाळीस वर्षं तिच्याच घरी येत होते. फौजदार बदलले, हवालदार बदलले, खाकी तिच्या दगडावर येतच राहिली. "अंगावरची घडी माझी असते, म्हणून सलाम मिळतो त्यांना," असं ती चारचौघांत म्हणायची. शाळेचं तोंड तिनं दोन वर्षं पाहिलं असेल नसेल, पण कपड्याचा नुसता वास घेऊन ती सांगायची, या घरात आजारी माणूस आहे, या घरात भांडण आहे. आणि चाळीस वर्षांत तिच्या हातचा एकही कपडा डाग राहिला म्हणून परत आला नव्हता. हे ती दिवसातून एकदा तरी कुणाला ना कुणाला सांगायची. ऐकणारा मिळाला नाही तर सुनेला.

डोहाच्या वरच्या अंगाला वाळूवाल्यानं पंप बसवला. दिवसभर वाळू ओढायची आणि गढूळ पाणी खाली सोडून द्यायचं. मावशीनं पांढरी चादर बुडवली की ती चहात बुडवल्यासारखी वर यायची.

लेक दोनदा जाऊन बोलून आला. वाळूवाला म्हणाला, "डोह काय तुझ्या आईनं आंदण आणलाय?"

तिसऱ्या दिवशी लेकानं काही न बोलता पंपाचा पट्टा काढला, घरी आणला आणि अंगणातल्या दोरीवर चादरींच्या मधोमध वाळत घातला.

"अहो, हे काय?" सून म्हणाली.

"नेऊ दे त्याला येऊन. दोन चिमटे लावलेत, पडायचा नाही."

मावशी खूप दिवसांनी हसली. सगळ्या गल्लीनं येताजाता तो पट्टा पाहिला. चोरीचा माल असा चिमटे लावून कुणी वाळत घालतो का? पण तक्रार झाली ती चोरीचीच.

हवालदार दुपार कलल्यावर आला. लेक तेव्हा नीळ कालवत होता. नीळ बारीक फडक्यात बांधून पाण्यात पिळायची, तिचा एक खडा राहता कामा नये, नाहीतर कापडावर ठिपके उठतात. त्याची बोटं पेरापेरापर्यंत निळी झाली होती.

"मावशी, याला जरा चौकीवर पाठवा. दोन शब्द विचारायचेत."

"इथंच विचारा की. पट्टा तो बघा, दोरीवर आहे. घेऊन जा."

"साहेबांनी बोलावलंय."

सून पुढं झाली. "मी पण येते बरोबर."

"तू गप," मावशी म्हणाली. "आपल्या घरच्या बाया चौकीवर धावत नाहीत." कुंपणाशी शेजारणी गोळा झाल्या होत्या. त्यांना ऐकू जाईल इतक्या आवाजात ती लेकाला म्हणाली, "जा रे. विचारतील आणि सोडतील. आपल्या हातचे कपडे घालणारी माणसं ती. आपल्याला काय भ्यायचं?"

लेकाला जायचं नव्हतं. त्यानं एकदा आईकडं पाहिलं. मग बोटं मांडीला पुसली, तरी निळीच राहिली. मावशीनं दोरीवरचा त्याचा पांढरा सदरा ओढला आणि त्याच्या हातात दिला. चौकीत जायचं तर नीट जावं. गरीब असलो तरी गबाळे नाही आपण.

तो त्या रात्री आला नाही. दुसऱ्या दिवशीही आला नाही.

सून दारात बसून राहिली. मावशी कामाला लागली. कोळसे पेटवले, इस्त्री तापवली, चौकीच्या कपड्यांच्या घड्या घातल्या. इस्त्री खरं तर लेकाचं काम. त्याच्या हातची घडी अशी बसायची, की चौकीतले म्हणायचे, या सदऱ्याच्या बाहीनं कलिंगड कापता येईल. म्हातारीच्या हाताला तेवढी ताकद नव्हती. तरी तिनं केलं. तिसऱ्या दिवशी गठ्ठा पोचवायचा वार होता, आणि तो वार तिनं कधी चुकवला नव्हता.

चौकीच्या पायरीवर तिला तासभर बसवलं. एरवी ती सरळ आत जायची. आतल्या टेबलावर गठ्ठा ठेवून, धाकट्या शिपायाला "काय रे, कॉलर एवढी मळवतोस, मान धूत नाहीस का?" असं विचारून यायची. आज तोच शिपाई तिच्याकडं न बघता गठ्ठा आत घेऊन गेला.

"माझा लेक कुठाय?"

"चौकशी चाललीय."

"पट्ट्याची एवढी चौकशी? पट्टा त्याच दिवशी नेलात ना?"

"मावशी, मला विचारू नका. साहेब फिरतीवर आहेत."

मग त्यानं मळक्या कपड्यांचा गठ्ठा आणून पायरीवर ठेवला. तिला वाटलं, नको म्हणावं. म्हणावं, आधी लेक द्या आणि मग गठ्ठा द्या. सगळी वाक्यं तोंडात तयार होती. एरवी तिच्या तोंडाला कुलूप घालणारा जन्माला यायचा होता. पण चाळीस वर्षांची सवय, हात आपोआप पुढं झाले. गठ्ठा डोक्यावर घेऊन ती घरी आली. पुढं कितीदा तरी तिला वाटलं, तो गठ्ठा तिथंच पायरीवर टाकून यायला हवा होता.

लेक दुपारी आला. फाट्यावर कुणीतरी सोडलं होतं, तिथून चालत आला. सदरा एका खांद्यावरून ओघळलेला, पुढून रक्तानं वाळून कडक झालेला. उजवा हात त्यानं डाव्या हातात, तान्हं मूल धरावं तसा धरला होता. बोटं सुजून एकमेकांना चिकटली होती. पेरांपेरांतून अजून थोडी नीळ दिसत होती.

"कोणी मारलं?" सून म्हणाली.

"पडलो. जिन्यावरून."

"चौकीला जिना कुठाय?" मावशी म्हणाली. चौकी कौलारू, बसकी, एक मजली. कागदावर लेकाकडून तसंच लिहून घेतलं होतं आणि डाव्या अंगठ्याचा ठसा घेतला होता. माणूस सही करणारा, पण सही करायला उजवा हात जागेवर कुठं होता?

सून म्हणाली, "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात चला. असेच."

"असा?" मावशी म्हणाली. "असा नेणार त्याला? सगळ्या बाजारातून? या सदऱ्यात?"

"आत्याबाई, डॉक्टरांना दिसू दे की."

"डॉक्टरला हात दिसला म्हणजे झालं. सदरा काय दाखवायचाय? आमच्या घरातला माणूस मळक्या कपड्यात उंबऱ्याबाहेर जात नाही."

घरात आल्यापासून त्या तोंडापुढं सून कधी टिकली नव्हती. मावशीनं पाणी तापवलं, लेकाला लहानपणी न्हाऊ घालायची तसं न्हाऊ घातलं. त्याच्या पाठीवर काठीचे वळ होते, एकाला एक लागून. ती मोजत बसली नाही. मळका सदरा काढताना बाही सुजलेल्या हातावरून ओढली तेव्हा तो ओरडला, तेवढाच. मग स्वच्छ, घडीचा सदरा घातला, भांग पाडला. आणि नवराबायको दवाखान्यात गेले. डॉक्टरनं विचारलं तेव्हा तो तेच म्हणाला, पडलो. न्हाऊन, भांग पाडून आलेला माणूस. डॉक्टरनं लिहून टाकलं, रुग्ण पडल्याचे सांगतो. वळ बघायला पाठ उघडी करायला कुणी सांगितलं नाही.

इकडं मावशी गठ्ठा घेऊन डोहावर गेली. त्या दिवशी पंप बंद होता. पाणी बरंच निवळलं होतं.

आधी तिनं लेकाचा पांढरा सदरा धुतला. मग चौकीचा गठ्ठा सोडला. एकेक कपडा झटकत गेली. तिसरा कपडा झटकला आणि तिचा हात थांबला.

फौजदाराचा सदरा. कॉलरच्या आत तिनं स्वतःच्या हातानं घातलेली न पुसणारी खूण होती, तीन टिंबं आणि एक आडवी रेघ. उजव्या कफावर तपकिरी शिंतोडे. आणि त्याच बाहीवर, कोपराच्या खाली, चार निळी बोटं. एकाशेजारी एक. अंगठा आतल्या बाजूला. कुणीतरी घट्ट धरलं होतं, आणि धरलेलं सुटलं होतं, कारण बोटांचे ठसे खाली ओढत मनगटापर्यंत आले होते.

करंगळीचा ठसा आखूड होता. लेक सात वर्षांचा असताना त्याच्या करंगळीचं टोक इस्त्रीनं भाजलं होतं. तेव्हापासून ती तशीच.

डोहावर दुसरं कुणी नव्हतं. ती सदरा मांडीवर घेऊन बसली. मग हात आपलं काम करायला लागले. सदरा पाण्यात बुडवला. मीठ लावलं, साबण लावला, मागच्या बाजूनं चोळला. बोटं फिकट झाली. तिथं ती क्षणभर थबकली. अजून दिसत होती. थांबायचं तर तिथं थांबता आलं असतं. पण डाग राहिलेला परवडला, अर्धा काढलेला डाग म्हणजे धुणारीच्या तोंडावरची थुंकी. तिनं पुन्हा चोळला. दगडावर आपटला, पिळला, उन्हासमोर धरला. खाकी कोरी करकरीत.

तेव्हा तिच्या मनात काय होतं? दोन गोष्टी होत्या. एक, डाग तसाच राहिला तर फौजदार म्हणेल, म्हातारीचा हात गेला. आणि दुसरी, धुतलं की झालं. उद्या गठ्ठा देऊ, परवा नवा घेऊ, आणि चाळीस वर्षं चाललंय तसं पुढं चालू राहील. माणूस म्हातारा होतो म्हणून शहाणा होतोच असं कुठं लिहिलंय?

लेकाची बोटं जोडली, पण मिटली नाहीत. अंगठा आणि पहिलं बोट हालायचं, बाकीची तीन पत्र्यासारखी सरळ. इस्त्री उचलायला गेला की ती त्याच्या हातातून सुटून खाली यायची. दोन कपडे जाळले, एकदा स्वतःचा पाय. मग त्यानं इस्त्रीकडं बघणं सोडलं. दिवसभर ओट्यावर बसायचा आणि समोरच्या भिंतीवरची पालींची वर्दळ बघायचा.

सून मात्र बसली नाही. कधी आवाज न काढणारी पोरगी, पण त्या दिवसांत तिच्या कण्यात काहीतरी उभं राहिलं. कुणाकडून तरी तिनं ऐकलं, की पोलिसांविरुद्ध तक्रार ऐकणारं वेगळं ऑफिस असतं, जिल्ह्याच्या ठिकाणी. ती गेली, विचारून आली, आणि एका वकीलबाईला घरी घेऊन आली.

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये," मावशी म्हणाली.

"शहाणी असते तर या घरात आले असते का, आत्याबाई?" सून म्हणाली. मावशीनं मान वळवून तिच्याकडं पाहिलं. पहिल्यांदाच.

लेक म्हणाला, "नको. पाण्यात राहून माशाशी वैर. डोहावर कामच करू देणार नाहीत."

"काम कुठं करताय तुम्ही?" सून म्हणाली, आणि मग स्वतःच रडायला लागली.

वकीलबाई तरुण होती. खांद्याला फायलींची पिशवी, पायात धुळीनं भरलेल्या चपला. ओट्यावर बसून तिनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "त्या दिवशीचे कपडे कुठायत? रक्ताचे?"

सून मावशीकडं बघायला लागली. मावशी भिंतीकडं.

"धुतले," सून म्हणाली.

वकीलबाईनं पेन खाली ठेवलं. तिचा चेहरा वाचायला शाळा लागत नव्हती.

"त्या दिवशी फौजदार तिथं होता, हे कुणी पाहिलंय? येताना मी चौकीवर विचारलं, तो म्हणतो, मी गावात नव्हतो, बंदोबस्ताला गेलो होतो. चौकीत हजर नसल्याची नोंदपण आहे."

लेक म्हणाला, "मी पाहिलंय. मला मारलं त्यानंच. मी त्याचा हात धरला होता."

"तुमच्याशिवाय?"

तिथं मावशीनं सांगायला हवं होतं. चौघंच तर होते, वकीलबाई सोडली तर घरचीच माणसं. पण ती उठून आत गेली आणि कोळशाला वारा घालत बसली, जरी त्या वेळी इस्त्रीला कपडा नव्हता.

तक्रार दाखल झाली, आणि चौकीचा गठ्ठा यायचा बंद झाला. पाठोपाठ बाकीच्यांचे. कुणी स्वतःहून काही बोललं नाही. दुकानदारीण म्हणाली, हल्ली घरीच धुते. मास्तरीण म्हणाली, मशीन घेतलंय. वाळूवाल्याचा पंप पुन्हा सुरू झाला. डोहावर मावशी एकटी उभी राहायची, आणि शेजारणी तिच्या मोठ्या दगडावर पाय ठेवून पलीकडं जायच्या. ती बघायची.

सुनावणीला सगळे गेले. गल्लीतले चारपाच जणही आले होते, काही साक्षीला, काही तमाशाला. लांबट खोली, दोन बाकडी, भिंतीला पाण्याची ओल. टेबलापलीकडं एक वयस्कर साहेब, पूर्वी न्यायाधीश होते म्हणे. माणूस सभ्य. प्रत्येकाला बसा म्हणाला. तसा मान मिळाल्यावर मावशीला उगाच रडू आलं, आणि तिनं ते गिळलं.

फौजदार आला. नवा सदरा, दुसऱ्या कुणी इस्त्री केलेला. बाहीवर दोन घड्या पडल्या होत्या, एकीशेजारी एक. मावशीच्या लक्षात पहिली तीच गोष्ट आली, आणि तिला बरं वाटलं. मग लेकाचा हात दिसला, आणि बरं वाटल्याची लाज वाटली.

फौजदार शांत बोलला. मी बंदोबस्तावर होतो. त्या खोलीत मी पाऊलसुद्धा ठेवलं नाही. तो जिन्यावरून पडला असं त्यानंच लिहून दिलंय.

"चौकीला जिना आहे?" साहेबांनी विचारलं.

"मागच्या बाजूला, साहेब. गच्चीवर जायला. नवा केलाय."

नवा केला होता खरंच. कौलांना लावलेली लोखंडी शिडी होती, मारहाणीनंतर, महिन्यापूर्वी आणलेली. खोटं बोलायचं तर असं, तयारीनिशी.

मग मावशीला बोलावलं. वकीलबाईनं विचारलं, कपडे तुम्हीच धुता ना? किती वर्षं? त्या दिवशीच्या गठ्ठ्यात फौजदारांचा सदरा होता? होता. मग अंदाजानंच, त्यावर काही होतं?

"कफावर डाग होता. रक्ताचा."

खोलीत हालचाल झाली. लेकानं मान वर केली. त्याला ते माहीतच नव्हतं. त्याच्या तोंडावर काय आलं ते तिनं पाहिलं. त्यात राग नव्हता. आशा होती. तिला राग परवडला असता.

फौजदाराच्या वकिलानं हळूच विचारलं, "मावशी, रक्ताचा डाग वेगवेगळ्या कारणांनी पडतो. दाढी करताना कापतं, मच्छर मारला जातो. हे तुमच्या मुलाचंच रक्त, हे कशावरून?"

नीळ. एवढा एक शब्द. तोंडात होता. चार बोटं, आखूड करंगळी.

"आणि मुलाचंच आहे असं तुम्हाला वाटलं असतं," वकील पुढं म्हणाला, "तर तुम्ही तो सदरा धुतला असता का? आई आहात तुम्ही. मला सांगा, तुम्ही बघून धुतलात, की न बघता?"

बाकड्यावर सून होती, लेक होता, गल्लीतल्या शेजारणी होत्या. साहेब पेन धरून वाट बघत होते. बघून धुतलं म्हणावं तर जगातली कुठली आई असं करते?

"न बघता," ती म्हणाली. "गठ्ठ्यात गेला. पाण्यात गेल्यावर कळलं."

"मग नेमकं काय होतं, ते तुम्ही नीट पाहिलंच नाही."

"नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार लेकानं चौकीत खाल्ला होता. इथं तिनं स्वतःचं तोंड स्वतःच दाबलं.

दीड महिन्यानं कागद आला. सुनेनं वाचून दाखवला. तक्रारदाराचं म्हणणं अविश्वसनीय वाटत नाही, पण संबंधित अधिकारी घटनास्थळी असल्याचा पुरावा नाही, म्हणून आरोप सिद्ध होत नाही. सुनेनं कागद घडी घालून ठेवला. चार पदरी, काठाला काठ लावून. या घरात कागदाचीही घडी नीट पडायची. लेक ओट्यावरून उठला आणि डोहाकडं निघून गेला. पाणी तिथंही नव्हतं आता.

वकीलबाई म्हणाली, अजून एक रस्ता आहे. दिवाणी दावा. फौजदारावर आणि त्याच्या खात्यावर. तिथं न्यायाधीश दोन्ही बाजू तोलून बघतात, ज्याचं जास्त पटतं त्याच्या बाजूनं जातात. तिथं एखादी बारीक गोष्टही पारडं झुकवते. "पण मावशी, बारीक का होईना, ती गोष्ट हवी. आपल्याकडं काही नाही."

मावशीनं आठ दिवस काढले. जेवण कमी झालं, बोलणं त्याहून कमी. गल्लीत बायका म्हणाल्या, फौजदारीण गार पडली. नवव्या दिवशी तिनं सुनेला सांगितलं, "मला वकीलबाईकडं ने. त्यालाही घे बरोबर."

"त्यांना कशाला? हात दुखतो एसटीत."

"घे म्हणते ना."

वकीलबाईचं ऑफिस सायकलच्या दुकानावर होतं. खालून हवा भरायच्या पंपाचा आवाज येत होता. एक टेबल, तीन खुर्च्या. सून उभी राहिली. मावशी बसली, पदर सारखा केला आणि हातातून सुटलेला घडा फुटेपर्यंत बघत राहावं तशी टेबलाकडं बघत बोलायला लागली. पहिल्यापासून. गठ्ठा, तीन टिंबं, कफ, चार बोटं, अंगठा, करंगळी. मीठ. साबण. फिकट झाली तेव्हा थांबले ते. थांबून पुन्हा चोळलं ते.

तिच्या शब्दांखेरीज फक्त पेनाचा आवाज होता.

वकीलबाई म्हणाली, "मावशी, हे फार मोठं आहे. नीळ म्हणजे त्यांनी फौजदाराला धरलं होतं, आणि फौजदार तिथं होता. पण आधी तुम्ही न बघता म्हणालात. आता बघून म्हणालात तर खोटी साक्ष दिली म्हणून तुमच्यावर उलटेल. तुम्हीच पुरावा नष्ट केला म्हणतील." तिनं कोरा कागद ओढला. "असं लिहूया का, की घाईत होतात, नजर कमी आहे, बोटं दिसली पण त्याचा अर्थ उशिरा लक्षात आला?"

"माझी नजर कमी नाही," मावशी म्हणाली. "सुईत दोरा ओवते अजून. करंगळी ओळखली मी. ओळखूनच धुतलं. असंच लिहा. माझी बोटं त्यावर फिरली तेव्हा ती माझ्या लेकाची आहेत हे मला कळत होतं, असं लिहा."

"कोर्टात त्यांचा वकील विचारेल, का धुतलंत?"

"सांगीन. डाग राहिला असता तर लोक म्हणाले असते, हिचा हात गेला."

सुनेनं तोंडावर पदर धरला. लेक खिडकीपाशी उभा होता. खाली कुणीतरी टायर बडवत होतं.

वकीलबाईनं सगळं लिहून काढलं आणि वाचून दाखवलं. संपल्यावर लेक म्हणाला, "ते मधलं परत वाचा. फिकट झाल्यावरचं."

तिनं परत वाचलं.

"त्या दिवशी आम्ही दवाखान्यातून आलो," लेक म्हणाला, वकीलबाईला की आईला, कळत नव्हतं. "ही डोहावरून उशिरा आली. मी आत पडलो होतो. मी विचारलं, आई, आज उशीर का झाला. ही म्हणाली, खाकी जाड असते, वाळायला वेळ लागतो."

"म्हणाले होते," मावशी म्हणाली.

"मग माझ्याजवळ बसून पट्टीबाहेर राहिलेली माझी बोटं पुसलीस. ओल्या फडक्यानं. नखांतली नीळ काढत बसलीस. तीसुद्धा ठेवली नाहीस."

मावशीनं मान हलवली. ते ती विसरली होती. ते तर तिनं सांगितलंच नव्हतं.

"तेही लिहा," ती वकीलबाईला म्हणाली.

वकीलबाईनं खाली एक ओळ वाढवली आणि कागद तिच्यापुढं सरकवला. वर पंखा होता, जुना, डगडगणारा. कागदाचं टोक सारखं उडत होतं. मावशीनं पेन मुठीत धरलं. सही ती करायची, पण वर्षातून एकदा, आणि दर वेळी नव्यानं शिकल्यासारखी. एका हातानं कागद दाबायचा की अक्षराची जागा धरायची, हे तिला जमेना. पहिलं अक्षर ओढलं आणि कागद सरकला.

लेक खिडकीपासून आला. खुर्ची नव्हती, म्हणून टेबलाच्या कडेला वाकला. त्यानं उजवा हात कागदावर ठेवला. तीन बोटं सरळ, मिटत नव्हती, कशाला धरू शकत नव्हती. पण हाताला वजन होतं. कागद थांबला.

त्यानं तिच्याकडं पाहिलं नाही. तिनंही नाही. त्याच्या करंगळीच्या बाजूला जेवढी जागा उरली होती, तेवढ्यात तिनं आपलं नाव बसवलं. चार अक्षरं होती. वेळ लागला.